वसईची इगर्जी आणि तिची घंटा

थळ घाट चढून इगतपुरी-घोटीवरून नाशिकास येणाऱ्या प्रवाशाला गोदातीरी नारोशंकराचे देऊळ (इ. स. १७४७) लागते. त्याच्या दर्शनी भिंतीवरील प्रचंड घंटा वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आली, अशी परंपरा आहे. मोठ्या आवाजाच्या माणसास ‘नारोशंकराची घंटा’ म्हणण्याचा प्रघात तिच्यावरूनच पडला. अशा घंटेचे मूळ प्रयोजन ध्यानात येण्यास ती ज्या वास्तूची, त्या वास्तूकडे वळले पाहिजे.

इ. स. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. किल्ल्यातील संत जोसेफचे मंदिर १५४६ च्या राजाज्ञेने उभे राहिले. गोव्याचे आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश यांच्या कारकीर्दीत, १६०१ मध्ये, त्याची पुनर्बांधणी झाली. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन या संघांची मंदिरे त्यांच्या मठांना जोडलेली होती. हे मात्र ‘मात्रिझ’, म्हणजे नगरवासी भाविकांचे मातृमंदिर होते. रचनेतही तोच हेतू दिसतो. समुदायासाठी लांबट सभागृह, टोकास वेदी, आणि दर्शनी बाजूस आत चक्राकार जिना असलेला उंच मनोरा. आज छप्पर नाही. भिंती व मनोरा उभे आहेत.

‘इगर्जी’ हा शब्द पोर्तुगीज ‘इग्रेझा’वरून आला. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘सभा’ असा होतो. इमारतीचा अर्थ मागाहून आला. विखुरलेल्यांना ठरावीक वेळी सभेत आणणारा नाद दूर पोचावा, म्हणून मनोरा उंच. तेव्हा घंटा हे इगर्जीचे भूषण नव्हे, अंगच होय.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि त्या मुलखातील घंटा घाटावरच्या देवळांत आल्या. भीमाशंकराच्या घंटेवर १७२९ हा सन आहे. घंटेवरील सनाने तिचे वय कळते, तिचा मनोरा कळत नाही. म्हणून प्रत्येक घंटा याच मातृमंदिराची मानणे युक्त नव्हे. परंतु स्थलांतराने प्रयोजन पालटले, हे निश्चित. मनोऱ्यावरची घंटा समुदायाला बोलावी. देवळात हाताशी आलेली घंटा एकेक भक्त स्वतः वाजवून आपले येणे देवाला कळवतो. धातू तोच राहिला, अर्थ बदलला. उसन्या शब्दांचेही असेच होते. वसईचा मनोरा मुका झाला. त्या मुलखातला नाद मात्र मराठीत अद्याप ऐकू येतो.