नकाशातील निळी रेषा

मोशी : भारताच्या नकाशात गंगा-गोदावरी अचूक भरणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या घरापासून इंद्रायणी किती अंतरावर आहे, हे सांगता येतेच असे नाही. म्हणूनच सहावी ते आठवीच्या वर्गांत नकाशावाचनाचा प्रारंभ परिसरापासून व्हायला हवा.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ‘४७ एफ/१४’ या स्थलनिर्देशक नकाशात मोशी येते. त्याचे प्रमाण १ : ५०,००० आहे, म्हणजे कागदावरील २ सेंटिमीटर हे जमिनीवरील १ किलोमीटर. नकाशाची उत्तर दिशा जुळवून घेतली, की पुणे-नाशिक महामार्ग चाकणकडे जाताना नदी ओलांडतो आणि देहूकडून आलेली इंद्रायणी आळंदीकडे वाहते, हे मुलांना स्वतः शोधता येते. तपकिरी समोच्च रेषांवरून सखल जमीन कोणती, तेही उमगते.

त्यानंतर पूररेषांचा नकाशा वर्गात आणावा. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळी रेषा दाखविते. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. शेजारच्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले महापालिकेने राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार मे २०२५ मध्ये पाडले. तेथील रहिवाशांची घरे गेली.

नकाशावाचन हा केवळ गुणांचा प्रश्न नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे. जागा घेण्यापूर्वी नकाशा पाहण्याची सवय शाळेतच लागू शकते.