जुन्या ऑसिलोस्कोपमधील कपॅसिटर : आधी मोजा, मग बदला

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकातला एखादा ऑसिलोस्कोप अजूनही सापडतो. टेक्ट्रॉनिक्स ४६५ हे त्याचे चांगले उदाहरण: दोन चॅनेल, १०० मेगाहर्ट्झ बँडविड्थ. असे उपकरण सुरू केल्यावर पडद्यावरची रेषा थरथरली किंवा दिसलीच नाही, तर पहिला संशय कपॅसिटरवर जातो आणि तो बहुधा खरा ठरतो. पण म्हणून सगळेच कपॅसिटर उपटून नवे बसवणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास जुना दोष राहतो आणि दोन-चार नवे दोष तयार होतात.

ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमध्ये धातूच्या पातळ पट्टीवर ऑक्साइडचा थर असतो, तोच विद्युतरोधक. आतला द्रव इलेक्ट्रोलाइट वर्षानुवर्षे रबरी बुचातून थोडा थोडा उडून जातो. मग धारिता घटते आणि अंतर्गत श्रेणी रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणून तापणाऱ्या भागांशेजारचे कपॅसिटर आधी तपासा.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे पूर्ण तरंग रेक्टिफायरनंतरचा कपॅसिटर दर १० मिलिसेकंदांनी भारित होतो. मधल्या काळात व्होल्टेज साधारण I × t ÷ C इतके खाली येते. भार १ अँपिअर आणि धारिता ५००० मायक्रोफॅरड असेल तर ही घट २ व्होल्ट. धारिता २००० वर आली तर ५ व्होल्ट. रेग्युलेटरला लागणारे किमान व्होल्टेज मिळेनासे झाले की १०० हर्ट्झची रिपल थेट पडद्यावर पोचते.

आता मोजमाप. ४६५ मध्ये ११०, ५५, १५, ५ आणि उणे ८ व्होल्ट असे पुरवठे आहेत. प्रत्येकाचे डीसी व्होल्टेज मोजा, मग दुसऱ्या ऑसिलोस्कोपवर रिपल पाहा. हे काम चालू उपकरणावर करावे लागते, म्हणून शिक्षक शेजारी असताना आणि एकच हात वापरून करा. चित्रनलिकेच्या भागात हजारो व्होल्ट असतात. तिकडे जाऊच नका.

एखादा पुरवठा जवळजवळ शून्य दाखवत असेल तर टँटलम कपॅसिटरवर संशय घ्या. हे सुकत नाहीत, ते शॉर्ट होतात. वीज बंद करून त्या पुरवठ्याचा ग्राउंडशी रोध मोजला की दोष हाती लागतो. बदलताना जास्त व्होल्टेज क्षमतेचा घ्या; १५ व्होल्टच्या जागी ३५ व्होल्टचा चालतो. ध्रुवाच्या खुणेत मात्र फसगत होते: ॲल्युमिनियमच्या कपॅसिटरवरची पट्टी ऋण टोक दाखवते, टँटलमवरची धन.

सोल्डरिंगपूर्वी वायर सॉकेटमधून काढा आणि मोठे कपॅसिटर १ किलोओहम, ५ वॅटच्या रोधातून काही सेकंद रिकामे करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची पद्धत फार प्रचलित आहे, पण तिने कपॅसिटर आणि तुमचा हात दोन्ही धोक्यात येतात. मग मीटरने शून्य झाल्याची खात्री करा.

मायका आणि सिरॅमिक कपॅसिटर असे म्हातारे होत नाहीत. त्यांना हात लावू नका. स्वीपचा वेग ठरवणारे कपॅसिटर तर अचूक निवडलेले असतात. ते बदलले की पडद्यावरचे मिलिसेकंद खोटे होतात आणि पुन्हा कॅलिब्रेशन करावे लागते.

शेवटी जुन्या डब्याच्या आकाराच्या कपॅसिटरबद्दल. त्याच्या कडेला तीन-चार ग्राउंडचे पाय असतात आणि काही बोर्डांवर वेगवेगळे ग्राउंड मार्ग केवळ त्या धातूच्या डब्यातूनच जोडलेले असतात. नव्या कपॅसिटरला दोनच पाय असतात. डबा काढण्याआधी कोणते पाय कुठे जातात याचा फोटो आणि आकृती काढून ठेवा, आणि नवा बसवल्यावर ते मार्ग तारेने जोडून मल्टिमीटरने तपासा.