यंत्राला काय विचारावे, डॉक्टरांना काय?

भोसरीच्या एका वाचकांनी पत्रातून विचारले आहे, की साथीच्या काळात सरकारी व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर प्रश्न टाकला की क्षणात उत्तर येते, मग दवाखान्यात रांग लावायची कशाला? आणि त्या उत्तरावर भरवसा किती ठेवावा? साथ चालू नसताना हा प्रश्न विचारला हे फार बरे झाले. साथ सुरू झाल्यावर शांतपणे विचार करायला कोणाला फुरसत असते!

या सोयीला 'चॅटबॉट' म्हणतात. नावाला बिचकू नये. पलीकडे माणूस नसतो, यंत्र असते. आपण 'नमस्कार' पाठवला की एक यादी येते: लक्षणांसाठी १, तपासणी केंद्रासाठी २, लसीसाठी ३. आपण आकडा पाठवायचा आणि आधीच लिहून ठेवलेले उत्तर वाचायचे. पिंपरी-चिंचवडकरांना हा प्रकार अगदी नवा नाही. डॉ. श्रीकर परदेशी महापालिकेचे आयुक्त असताना १५ ऑगस्ट २०१३ रोजी 'सारथी' सुरू झाली. नळजोड, जन्मदाखला, मिळकतकर याविषयी लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते प्रश्न आणि त्यांची उत्तरे एकत्र केली, पुस्तिका काढली, वेबसाइटवर टाकली आणि फोनवर माणसे बसवली. चॅटबॉटमध्ये त्या फोनवरच्या माणसाच्या जागी यंत्र आले. हा फरक लहान वाटतो, पण तसा नाही. माणूस "थांबा, साहेबांना विचारून सांगतो" असे म्हणू शकतो.

मार्च २०२० मध्ये पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि पाठोपाठ पिंपरी-चिंचवडमध्येही. प्रश्न लाखो आणि डॉक्टर मोजके, अशी अवस्था झाली. त्याच महिन्यात केंद्र सरकारने ९०१३१५१५१५ या क्रमांकावर 'मायगव्ह कोरोना हेल्पडेस्क' हा चॅटबॉट सुरू केला. तो मुंबईच्या हॅप्टिक या कंपनीने तयार केला होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच महिन्यात आपला व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक जाहीर केला. राज्य सरकारने नंतर मराठीतून माहिती देणारा चॅटबॉट काढला. ज्यांच्याकडे साधा बटणाचा फोन, त्यांच्यासाठी १९२१ वर मिस्ड कॉल देण्याची सोय झाली. पलीकडून फोन येई आणि यंत्र तब्येतीची विचारपूस करी. (फोन लावला की आधी खोकल्याचा आवाज ऐकू येई, तो मात्र कोणाला आवडल्याचे मी ऐकले नाही.)

याचा उपयोग झाला का? झाला. चिकन खाल्ल्याने कोरोना होतो या अफवेने २०२० च्या सुरुवातीला राज्यातल्या कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडले होते. "डॉक्टर, अंडी खाऊ का?" या प्रश्नाचे उत्तर देऊन देऊन मी थकलो होतो. यंत्र थकत नाही. तोच प्रश्न रात्री दोन वाजता हजाराव्यांदा विचारला तरी ते चिडत नाही. शिवाय माणसापुढे बोलायला लाज वाटते ते लोक यंत्राला विचारतात, हाही मोठा फायदा आहे. पुढे ऑगस्ट २०२१ पासून लसीचे प्रमाणपत्र याच व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर मिळू लागले. कंपनीच्या गेटवर प्रमाणपत्र दाखवायचे म्हणून चाकणच्या झेरॉक्सच्या दुकानांत पैसे मोजणाऱ्या कामगारांचा तो खर्च वाचला.

म्हणजे जे उत्तर आज, उद्या आणि परवा तेच राहते, त्यासाठी यंत्र उत्तम. घोडे अडते ते तासातासाला बदलणाऱ्या उत्तरापाशी.

एप्रिल २०२१ आठवून पाहा. दुसरी लाट, खाटा मिळेनात. पुणे विभागाने एक 'डॅशबोर्ड' केला होता. कुठल्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या किती खाटा रिकाम्या आणि व्हेंटिलेटरच्या किती, हे त्यावर दिसे. कल्पना चांगली होती. पण नातेवाईक पडद्यावरचा आकडा पाहून फोन लावत तेव्हा "खाट नाही" असे उत्तर मिळे. हे गाऱ्हाणे मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. सुनावणी चालू असतानाच पुणे महापालिकेच्या हेल्पलाइनला फोन लावण्यात आला. डॅशबोर्डवर खाटा शिल्लक दिसत होत्या आणि फोनवरून खाट नसल्याचे उत्तर आले. न्यायालयाने याबद्दल नाराजी व्यक्त केली.

यात यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. यंत्र रुग्णालयात जाऊन खाटा मोजत नाही. कोणीतरी कर्मचारी वॉर्डातली संख्या भरतो, तेव्हा ती आपल्याला दिसते. त्या दिवसांत तोच कर्मचारी रुग्ण दाखल करून घेत होता, सिलिंडर मोजत होता आणि नातेवाइकांना तोंड देत होता. आकडा भरायला चार तास उशीर झाला, तर चार तास यंत्र अत्यंत नम्रपणे चुकीचे उत्तर देत राहते. आणि खात्रीची माहिती जिथे नसते तिथे दलाल उभा राहतो. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमधील महापालिकेच्या कोविड केंद्रात उपचार मोफत होते. तरी अतिदक्षता विभागातील खाटेसाठी एका रुग्णाच्या नातेवाइकांकडून एक लाख रुपये घेतल्याचा प्रकार त्याच वेळी महापालिकेच्या सभेत गाजला आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. खाट मोफत आहे हे खात्रीने सांगणारे कोणी त्या कुटुंबाला वेळेवर भेटले असते तर?

आमच्या चाकण भागाची अडचण आणखी वेगळी आहे. भोसरी, तळवडे, चिखली महापालिकेच्या हद्दीत. इंद्रायणी ओलांडून अलीकडे आलात की कुरुळी, निघोजे, महाळुंगे ही गावे खेड तालुक्यात. चाकणला स्वतःची नगरपरिषद आहे. कामगार राहतो निघोज्याला, कंपनी भोसरीत, आधार कार्डावर पत्ता लातूरचा नाहीतर बिहारचा. त्याने नेमक्या कोणत्या सरकारी यंत्राला विचारायचे? हा कागदावरचा प्रश्न नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता भागात 'गुलियन-बॅरे सिंड्रोम', म्हणजे जीबीएसचे रुग्ण वाढले आणि पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण सापडले, तेव्हा मोफत उपचारांची व्यवस्था हद्दीप्रमाणे जाहीर झाली: पिंपरी-चिंचवडच्या रुग्णांना वायसीएम, पुणे शहराच्या रुग्णांना कमला नेहरू रुग्णालय, ग्रामीण भागाला ससून. शहराच्या चॅटबॉटने "वायसीएमला जा" असे सांगितले, तर शहरवासीयाला ते बरोबर आणि निघोज्याच्या मुलाला चूक. म्हणून विचारताना "मला ताप आहे" एवढेच न लिहिता राहण्याचे गाव आणि तालुका आधी लिहावा. उत्तर आल्यावर ते कोणत्या हद्दीचे आणि कोणत्या तारखेचे आहे ते पाहावे. तारीख नसेल तर निघण्यापूर्वी रुग्णालयात फोन करावा.

आता नव्या यंत्रांविषयी. जुना चॅटबॉट आकड्यांच्या यादीवर चाले, त्याला माहीत नसलेले विचारले की तो गप्प बसे किंवा पुन्हा तीच यादी पाठवी. लोक वैतागत, पण धोका नव्हता. हल्लीची यंत्रे आपले वाक्य वाचून स्वतः नवे उत्तर रचतात. भाषा गोड असते, मराठीही बऱ्यापैकी असते. मात्र ठाऊक नसलेली गोष्टही ती तितक्याच ठामपणे सांगू शकतात. औषधाचे नाव, गोळीचा डोस, "दाखल व्हायची गरज नाही" असा सल्ला या तीन गोष्टी त्यांच्याकडून घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्राला आपली नाडी लागत नाही. पोट दाबल्यावर रुग्णाचा चेहरा कसा होतो ते त्याला दिसत नाही.

काही वेळा तर टाइप करत बसण्यात गेलेली पाच मिनिटेही महाग पडतात. डेंग्यूत ताप उतरला म्हणून घरचे निश्चिंत होतात, पण त्याच सुमारास पोटात जोराची कळ, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची ग्लानी दिसली तर तडक रुग्णालय गाठावे. जुलाब किंवा ताप होऊन गेल्यावर काही दिवसांनी दोन्ही पायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढवेना, तर जीबीएसची शंका घेऊन त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात दाखवावे. अशक्तपणा छातीपर्यंत चढला तर श्वास अडकतो. २०२१ मध्ये आरोग्य विभागाने सहा मिनिटे चालण्याची चाचणी सांगितली होती. चालल्यावर ऑक्सिजन ९३ च्या खाली गेला किंवा चालण्यापूर्वीपेक्षा ३ टक्क्यांहून जास्त उतरला तर रुग्णालय. ही चाचणी कशी करायची हे चॅटबॉट उत्तम शिकवू शकतो. आकडा खाली आल्यावर मात्र फोन १०८ ला करायचा.

आणखी एक. साथ आली की खोटे नंबर फिरू लागतात. ओटीपी मागणारा, "खाट राखून ठेवतो, आधी पैसे पाठवा" म्हणणारा नंबर सरकारी नसतो, त्यावर सरकारचे चिन्ह असले तरी. नंबर कोणाच्या फॉरवर्डमधून घेऊ नये. महापालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा, किंवा आपल्या आशाताईंना विचारावे.

रूमवर चार-पाच जण राहणाऱ्या मुलांना माझी एक विनंती आहे. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर १०८, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा फोन, आपले गाव आणि तालुका, प्रत्येकाच्या घरच्यांचा एक नंबर आणि कोणाला मधुमेह, दमा असेल किंवा कोणती गोळी चालत नसेल तर तेही मोठ्या अक्षरांत लिहा. आजारी माणसाचा मोबाईल बहुधा लॉक असतो, आणि रात्रपाळीहून परतलेल्या सोबत्याला त्याचा पासवर्ड ठाऊक नसतो.