हिरव्या दिव्यांच्या मागोमाग

डिसेंबर सरत आला की उत्तरेतले धुके दौंडकरांना न बघताच कळते. झेलम लेट, गोवा एक्सप्रेस त्याहून लेट, आणि विचारले तर ‘दिल्लीकडं धुकं पडलंय’ एवढ्या उत्तरावर सगळ्यांचे समाधान होते. भीमेच्या काठाला उसाच्या फडांवर आपल्याकडेही पहाटे धुई उतरते, पण उन्हे वर आली की ती विरते. दिल्लीचे धुके मात्र मुक्कामाला येते. आणि ते विमानतळावर उतरते तेव्हा जे घडते, ते मला आगगाडीच्या उशिरापेक्षा कितीतरी नवलाचे वाटते.

आधी धुके म्हणजे किती पाणी, ते पाहा. दहा फूट लांब, तेवढीच रुंद आणि उंच खोली दाट धुक्याने भरली, तर त्यातले सगळे पाणी गोळा करून जेमतेम चमचाभर भरेल! पण ते चमचाभर पाणी कोट्यवधी सूक्ष्म थेंबांत विखुरलेले असते. प्रत्येक थेंब प्रकाशाला वाट सोडून भलतीकडे पाठवतो आणि समोरचा दिवा पुसला जातो. निरभ्र रात्र, ओली जमीन आणि अगदी मंद वारा असला की जमीन झपाट्याने थंड होते, तिच्या लगतची हवाही निवते आणि धुके धरते. वारा अजिबात नसेल तर बहुधा नुसते दव पडते. गंगेच्या मैदानात रब्बीच्या पाण्याने भिजलेली शेते असतात, पश्चिमेकडून येणारे पावसाळी झंझावात ओल ठेवून जातात, आणि वर धूर-धुळीचे कण असतात. थेंबांना धरायला तेवढे पुरते.

आता विमान. धुक्यात सगळ्यात अवघड काम उतरण्याचे, असे आपण धरून चालतो. पण उतरणे यंत्राला केव्हाच साधले आहे. धावपट्टीजवळचे अँटेना आकाशात रेडिओ लहरींची अदृश्य उतरण आखून देतात आणि ऑटोपायलट विमानाला त्या उतरणीवरून खाली आणतो. दिल्लीच्या विमानतळावर ‘कॅट तीन-बी’ नावाची व्यवस्था आहे. धावपट्टीवरची दृश्यता 50 मीटर असली, तरी प्रशिक्षित वैमानिक योग्य विमान घेऊन तिथे उतरू शकतो. उड्डाणाला मात्र साधारण 125 मीटर लागतात, कारण उड्डाण माणूस डोळ्यांनी बघून, हाताने करतो. म्हणून विमाने उतरताहेत पण सुटत नाहीत, अशीही वेळ येते.

चाके टेकली, वेग ओसरला की ऑटोपायलटचे काम संपते. तिथून टर्मिनलपर्यंतची वाट वैमानिकाने स्वतः काढायची असते. कॅप्टनच्या डाव्या हाताशी एक छोटी मूठ असते, तिने पुढचे चाक वळते. साठेक टनांचे विमान, लगतची जमीन नाकाखाली झाकलेली, पुढे पांढरा पडदा. अशा वेळी त्याला आधार असतो तो जमिनीत बसवलेल्या हिरव्या दिव्यांचा. टॅक्सी-वेच्या मधोमध हिरवे, कडेला निळे. धावपट्टीवरून बाहेर पडताना काही अंतर हिरवा-पिवळा, हिरवा-पिवळा अशी ओळ लागते. ती संपेपर्यंत थांबायचे नाही, कारण मागून येणाऱ्या विमानाची रेडिओ-उतरण तुमच्या धातूच्या शेपटीने बिघडू शकते. तुम्ही वाटेत उभे नसलात, नुसते जवळ असलात, तरी! म्हणूनच दाट धुक्यात विमानांना धावपट्टीपासून एरवीपेक्षा लांब थोपवून धरतात.

आणि धावपट्टीच्या तोंडाशी आडवी लाल दिव्यांची रांग, स्टॉप बार. ती पेटलेली असताना ओलांडायची नाही. कानात ‘पुढे या’ असा आवाज आला तरी नाही. लाल विझला पाहिजे.

हा नियम इतका कडक का, ते मिलानच्या लिनाते विमानतळावर कळते. 8 ऑक्टोबर 2001 ची सकाळ, दाट धुके. एका छोट्या सेस्ना विमानाला उत्तरेकडच्या वाटेने जायला सांगितले होते. ते दुसऱ्याच वाटेला लागले. वैमानिकाने वाटेत दिसलेल्या खुणेचे नाव रेडिओवर सांगितलेही. ती खूण नियंत्रकाला ठाऊकच नव्हती, आणि त्याने विमान ठरल्या वाटेवर आहे असे धरले. जमिनीवरचे रडार चालू नव्हते. सेस्ना धावपट्टीवर आले तेव्हा एक प्रवासी विमान उड्डाणाच्या वेगात होते. 118 माणसे गेली. 27 मार्च 1977 रोजी तेनेरिफेला दोन जंबो जेट अशीच धुक्यात धावपट्टीवर धडकली होती, तिथे 583. विमान वाहतुकीच्या इतिहासातला सर्वांत मोठा अपघात आकाशात झालेला नाही, हे मला फार अस्वस्थ करते.

आज दिल्लीत जमिनीवरची विमाने रडारवर आणि विमानातल्या ट्रान्सपाँडरच्या संदेशांवरून नियंत्रकाच्या पडद्यावर दिसतात. 2019 मध्ये सुरू झालेला तिथला नियंत्रण मनोरा सुमारे 102 मीटर उंच आहे. धुक्याचा थर त्याहून उथळ असला, तर वर लख्ख ऊन आणि खाली काहीच नाही, असे दृश्य तिथून दिसू शकते. दृश्यताही कुणी डोळ्यांनी ठरवत नाही. धावपट्टीच्या कडेला ट्रान्समिसोमीटर असतो: एका खांबावरून प्रकाश सोडायचा, काही मीटरवरच्या दुसऱ्या खांबावर किती पोचला ते मोजायचे. बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने ‘दृष्टी’ नावाचे असे यंत्र बनवले आहे.

आणि ह्या धुक्याचा पाठलाग आपल्या जिल्ह्यातून चालतो! पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, आयआयटीएमने, 2015-16 च्या हिवाळ्यात दिल्ली विमानतळावरच ‘वायफेक्स’ हा प्रयोग सुरू केला. मोजणीसाठीच्या वेगळ्या मनोऱ्यावर निरनिराळ्या उंचीवर तापमान, ओल, वारा; जमिनीतून निघून जाणारी उष्णता; हवेतले कण; थेंबांचा आकार. सगळे रात्रभर मोजायचे आणि धुके कधी धरेल, किती दाट होईल, कधी फिटेल हे आधी सांगायचे. अवघड आहे, कारण अर्ध्या अंशाच्या चुकीनेही धुक्याचे दव होते. पुढे ही मोजणी जेवर आणि हिसारपर्यंत गेली.

फिटण्याची वेळ कळली, तर पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून पहाटे दिल्लीला निघणाऱ्या वैमानिकाला निर्णय घेता येतो: आकाशात घिरट्या घालण्यापुरते जादा इंधन भरायचे, की जयपूरला वळावे लागेल ह्या हिशेबाने निघायचे, की तासभर इथेच थांबायचे. इंधन वाढले की वजन वाढते, आणि त्या वजनापायी आणखी इंधन जळते.