संगणक चालू, पण पडदा काळा



ऊस विकास अधिकाऱ्याने संगणकावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण गेल्या लागण हंगामात आमच्या गट कार्यालयात जे घडले, त्यामुळे हे लिहिणे भाग पडले.

मुख्य कार्यालयातला एक जुना संगणक आमच्याकडे आला. मागील वर्षाच्या ऊस नोंदी त्यातच होत्या आणि खोडव्याच्या तारखा त्यावरूनच धरायच्या होत्या. जोडणी केली, बटण दाबले. आतला पंखा फिरू लागला, पण पडदा काळा तो काळाच! बाहेर ओट्यावर सभासद ताटकळलेले. दुरुस्तीवाला आला, पाहिले न पाहिले केले, आणि ‘बोर्ड गेलाय, भंगारात द्या’ म्हणून मोकळा झाला. आता तोडीचा क्रम लावायचा कशावरून? त्या रात्री आम्हाला झोप नव्हती.

बोर्ड गेलेला नव्हता. डब्याच्या मागे केबल लावायच्या दोन जागा होत्या. एक मूळ बोर्डाची, दुसरी खाली, वेगळ्या बसवलेल्या ग्राफिक्स कार्डाची. असे कार्ड असले की बहुतेक जुन्या यंत्रांत बोर्डावरची जागा आपोआप बंद होते. आम्ही नेमकी तीच धरली होती. एका सभासदाच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने वाकून पाहिले, केबल खालच्या जागेत लावली, आणि पडदा उजळला.

उसाचे पान पिवळे पडले म्हणून आपण लगेच युरिया फेकत नाही. मुळाशी पाणी साचले आहे का, ते आधी बघतो. इथेही तसेच करावे. प्रथम पडद्याचा दिवा पाहावा. दिवाच नसेल तर वीज पोचत नाही. दिवा नारिंगी असेल किंवा लुकलुकत असेल, तर बहुधा पडदा ठीक आहे, त्याला डब्याकडून चित्र मिळत नाही.

मग केबल. जुन्या पडद्याची निळ्या टोकाची केबल व्हीजीए म्हणून ओळखली जाते. ही पद्धत 1987 साली आयबीएम कंपनीने आणली. तिला तीन ओळींत पंधरा पिनांची जागा असते. घाईत खोचली की पिन वाकते. एखादी पिन मुळातच नसते, त्याने घाबरू नये. लाल, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळ्या पिनांतून येतो, म्हणून चित्र पिवळट दिसले तर निळा तुटला, जांभळट दिसले तर हिरवा तुटला, असे धरावे. केबल सरळ बसवून दोन्ही स्क्रू आवळावेत. नुसती अडकवून ठेवलेली केबल टेबल हलले की दगा देते.

पडद्याऐवजी नवा टीव्ही लावणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की व्हीजीएचे चित्र एचडीएमआयला थेट चालत नाही. मध्ये कन्व्हर्टरची डबी लागते. नुसती दोन टोकांची स्वस्त केबल घेऊन पैसे घालवू नयेत.

केबल बरोबर असून यंत्र ‘टूं टूं’ वाजत राहिले, तर बहुधा रॅमची पट्टी सैल असते. वीज काढावी, पट्टी उपसावी, तिच्या सोनेरी कडेवर शाळेतला खोडरबर फिरवावा, चुरा झटकावा आणि दोन्ही बाजूंनी ‘टक्’ वाजेपर्यंत दाबावी. नेण्याआणण्यात ट्रॅक्टर-ट्रॉलीचे हिसके बसले असतील तर हे हमखास होते.

आमची स्वतःची एक चूकही सांगतो. अक्षरे बारीक हवीत म्हणून आम्ही रिझोल्यूशन वाढवले, आणि पडद्यावर ‘आऊट ऑफ रेंज’ आले. पडद्याला झेपेना. अशा वेळी विंडोज एक्सपी किंवा सेव्हन असेल तर सुरू होताना एफ-8 हे बटण पुन्हा पुन्हा दाबावे, यादीतून सेफ मोड निवडावा आणि मग रिझोल्यूशन कमी करावे.

जुना, पोटाळ काचेचा पडदा मात्र कोणीही उघडू नये. त्यात हजारो व्होल्टचा दाब असतो आणि वीज काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो.

आणि यंत्र खरेच भंगारात द्यायची वेळ आली, तरी आतली हार्ड डिस्क आधी काढून घ्यावी. सोसायटीचे हिशेब असोत की दूध संस्थेचे, ते तिच्यात असतात, पडद्यात नव्हे.

तपासणीसाठी एक चालू व्हीजीए केबल आमच्या गट कार्यालयात दाराआड खिळ्याला अडकवली आहे. लागेल त्याने वहीत नाव लिहून न्यावी. मागच्या वेळी नेलेली अजून परत आलेली नाही, त्यांनी येताना आणावी.