लिनक्सला डिस्क दिसत नाही तेव्हा

लिनक्सच्या संगणकाला हार्डडिस्क जोडली आणि ती पडद्यावर आलीच नाही, म्हणजे डिस्क गेली असं नव्हे. जोडणी, ओळख, विभाग आणि फाइल सिस्टिम असे चार टप्पे पार पडल्यावर डिस्क वापरात येते. ती कुठं अडली हे कळलं की निम्मं काम झालं. पोलाद आणि बियाण्यांच्या उद्योगासाठी ओळखल्या जाणाऱ्या जालना जिल्ह्यातही आज कारखान्याच्या हिशेबापासून लग्नाच्या फोटोंपर्यंत सगळं डिस्कवरच असतं. संगणकात सी-डॅक या संस्थेची २००७ साली आलेली देशी ‘बॉस’ लिनक्स असो वा उबुंटू, तपासणीचा क्रम एकच.

सुरुवात केबलपासून करावी. बाहेरून जोडलेल्या हार्डडिस्कला फिरायला सुरुवात करताना जास्त वीज लागते. यूएसबी २ च्या पोर्टकडून ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ कडून ९००. म्हणून हब काढून, दुसरी केबल लावून, थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला डिस्क जोडावी. जालन्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि बहुतेक हार्डडिस्कची मर्यादा साठ अंशांच्या आसपास असते; तापलेली डिस्क आधी निवू द्यावी. आतून टकटक आवाज येत असेल तर ती लगेच बंद करावी.

मग टर्मिनल उघडून एल-एस-बी-एल-के ही पाच इंग्रजी अक्षरं टाइप करावीत. जोडलेल्या डिस्कची यादी येते. ‘एसडीए’ ही बहुधा संगणकाची स्वतःची डिस्क, ‘एसडीबी’ ही नवी आणि ‘एसडीबी१’ हा तिच्यावरचा पहिला विभाग. यादीत नावच नसेल तर डी-एम-ई-एस-जी हा आदेश कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नोंदवही दाखवतो. तिथं ‘आय/ओ एरर’ पुन्हा पुन्हा दिसली, तर दोष केबलचा किंवा डिस्कचा. संगणकाच्या आतली एनव्हीएमई डिस्क दिसत नसेल, तर बायॉसमध्ये साठवणुकीची पद्धत ‘रेड’वर आहे का ते पाहावं, ‘एएचसीआय’ केल्यावर ती पुष्कळदा दिसते. मात्र त्याच संगणकावर विंडोज असेल, तर या बदलानं विंडोज सुरू व्हायचं थांबू शकतं.

नाव दिसतं पण फायली उघडत नाहीत, तेव्हा अडचण फाइल सिस्टिमची. एक्सफॅट या फाइल सिस्टिमची सोय लिनक्सच्या कर्नलमध्ये २०१९ साली आली. जुन्या आवृत्तीला वेगळं पॅकेज लागतं. विंडोज ‘फास्ट स्टार्टअप’मध्ये बंद झालं असेल, तर एनटीएफएस विभाग अर्धवट अवस्थेत राहतो. अशा वेळी विंडोज पूर्ण बंद करून डिस्क पुन्हा जोडावी.

या सगळ्यात एक पथ्य कडक पाळावं: फॉरमॅट करायची सूचना आली तरी ती स्वीकारू नये, आणि दुरुस्तीचा एफएससीके हा आदेश जोडलेल्या, म्हणजे माउंट केलेल्या विभागावर चालवू नये. डिस्क खराब होत असल्याची शंका असेल, तर आधी डीडीरेस्क्यूनं तिची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करावी. महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत मात्र डिस्क बिघडण्याआधीच काढून ठेवावी.