विज्ञानाची पदवी आणि लसीचा कारखाना

सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी पदरांत पडली, कीं लस बनविणाऱ्या कारखान्याचें दार उघडलें, असा समज घरोघर आढळतो. तो अर्धाच खरा आहे. विद्या किती, हें गुणपत्रिका सांगते; हाताला वळण कोणतें, हें ती सांगत नाहीं.

१९०२ सालीं पंजाबांतील मलकोवाल गांवीं प्लेगची लस टोंचून घेतलेल्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें दगावले. त्या सर्वांना एकाच बाटलींतील लस दिलेली होती. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला व लसीचे जनक हाफकीन यांना पदावरून दूर व्हावें लागलें. वास्तविक, बाटली उघडतांना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करितांच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं आवाज उठविल्यावर, १९०७ सालीं हाफकीन दोषमुक्त झाले.

म्हणूनच या धंद्यांत माणूस पारखतांना बुद्धीइतकीच सवयही पाहावी लागते. उमेदवारानें विद्यार्थिदशेंतच निर्जंतुक काम करण्याचा आणि प्रत्येक कृतीची तत्क्षणीं नोंद ठेवण्याचा सराव करावा. अर्जांत नुसती विषयांची यादी न देतां, कोणतीं उपकरणें स्वतः हाताळलीं तें लिहावें. संशोधनाखेरीज उत्पादन, गुणवत्तेची तपासणी, परवान्यांची कागदपत्रें या शाखाही आहेत; तेथें डॉक्टरेट नसलेल्यांसही वाव असतो.

मुलाखतींत आपली एखादी चूक विचारली गेल्यास ती लपवूं नये. पडलेला चिमटा पडला म्हणून सांगणारा मनुष्यच तेथें हवा असतो.